नऊ जणांचे हितसंबंध

स्टोक अँक्रेट,
३ मार्च २०१८

चि. फिलिपा हिस,
हेस्टर आत्याचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गुडघा आहे तसाच आहे, परसातला आंबट रुबार्ब मात्र यंदा लवकर वर आलाय. तू तिकडे शहरात सँडविच खाऊन दिवस काढतेस हे मला ठाऊक आहे, तेव्हा ईस्टरला आलीस की डबाभर शिजवलेला रुबार्ब घेऊन जा. नको म्हणू नकोस.

आता कामाचं. आमच्या सेंट ऑस्विन शाळेला दोन वर्षं कायमचा मुख्याध्यापक नाही, हे तुमच्या बिशपच्या शिक्षण कचेरीला अखेर आठवलं. दोन वर्षं डिलिस प्रोबर्ट 'प्रभारी' म्हणून शाळा ओढतेय. अडतीस पोरं, दोन वर्ग, गळकं छप्पर, आणि स्वयंपाकीणबाई आजारी पडली की वाढायलाही तीच. आता तुमचं फर्मान आलंय की रीतसर जाहिरात द्या, १६ मेला मुलाखती घ्या, आणि त्याआधी साऱ्या व्यवस्थापन मंडळाने तुमचं प्रशिक्षण घ्या. मी अध्यक्ष, म्हणून पत्र माझ्या नावे. खाली सही तुझी! लहानपणी तुला बुटाची नाडी बांधायला मी शिकवली, आणि तू मला नेतृत्व शिकवणार. शिकव बाई.

तुम्हाला शाळेचं 'ध्येयवाक्य' हवं होतं, तेही बायबलच्या आधाराने. चार बैठका खर्ची घालून आम्ही मोहरीचा दाणा निवडला, एवढासा असून मोठं झाड होणारा. मंडळातल्या मेजर वाइकना सिंह हवा होता. त्यांना समजावण्यातच तिसरी बैठक गेली.

खरी काळजी वेगळीच. डिलिसला मी कसंबसं अर्ज करायला लावलं. स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या म्हणजे तिला दात काढून घेतल्यासारखं होतं. ध्येयाच्या मोठ्या चौकोनात तिने एवढंच लिहिलंय की मुलांना सकाळी शाळेत यावंसं वाटलं पाहिजे. आणि गुपचूप तिने लडलोच्या एका शाळेतही अर्ज टाकलाय. इथे कुणाला आपण हव्या आहोत की नाही ते कळत नाही, असं ती म्हणाली म्हणे. वेडी आहे झालं! ती गेली तर या शाळेत काय उरलं, तूच सांग.

उत्तर लवकर धाड. लोभ आहेच, तो तुमच्या नियमात बसतो का ते कळव.
तुझी,
हेस्टर आत्या

---

कॅथेड्रल क्लोज,
१२ मार्च २०१८

ती. आत्यास,
फिलिपाचा सा. न. वि. वि.

रुबार्ब नको म्हणायची माझी काय बिशाद! शनिवारी १४ एप्रिलला मी शाळेशेजारच्या तुमच्या गावच्या सभागृहात येतेय. सकाळी दहाला सगळ्यांना जमव, आणि मेजरना सांग की गाडी शाळेच्या फाटकात लावू नका.

मोहरीचा दाणा छान आहे. आमच्या हद्दीत तो असलेली तुमची पंधरावी शाळा. सिंह एकाही शाळेत नाही, तेव्हा मेजरचं ऐकायला हरकत नव्हती.

आता रागावू नकोस. तू डिलिसबद्दल जे लिहिलंस ते मी वाचलंच नाही असं समज. तू निवड समितीची अध्यक्ष, मी कचेरीची माणूस, आणि वर तू माझी आत्या. १६ मेला मी येणारही नाही, आमच्या मिसेस थ्रॅप येतील. गेल्या वर्षी एका गावात अध्यक्षांनी स्वतःच्या सुनेला नेमलं आणि आम्हाला सहा महिने निस्तरावं लागलं. म्हणून यंदा माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. बैठकीच्या सुरुवातीला 'हितसंबंध जाहीर करा' असा पहिला विषय असतो ना, जिथे सगळे जण 'काही नाही' म्हणून चहाकडे बघतात, तो यापुढे मनापासून घ्यायचा. आणि अर्जाची मुदत संपल्यापासून निकालापर्यंत कोणत्याही उमेदवाराशी या विषयावर अवाक्षर काढायचं नाही. लडलोचं मलाही वाईट वाटतं, पण नियम चांगल्या माणसांच्या भल्यासाठीच असतात.

तुझ्या गुडघ्याला शेक घेतेस का? खोटं लिहू नकोस. माया असू दे.
तुझी,
फिलिपा

---

स्टोक अँक्रेट,
२० एप्रिल २०१८

चि. फिलिपा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

शनिवारी तू बोललीस मात्र झकास हो. तुझी ती प्रश्नांची पिवळी पत्रिका सगळ्यांनी घरी नेली. मिसेस बेडोजने तर पोस्टाच्या काउंटरमागे चिकटवलीय. 'उमेदवार तुमच्या नात्यातला आहे का? त्याचे तुमच्यावर उपकार आहेत का? तो तुम्हाला विशेष आवडतो वा नावडतो का? एकही उत्तर होय असेल तर खोलीबाहेर जा.' शेवटचा प्रश्न मेजरनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, काही दोनदा वाचताना पहिल्यांदा पाहिले.

पण तुझ्या शिकवणीचा गावावर भलताच परिणाम झालाय. तू म्हणालीस या विषयावर बोलू नका. आमची मंडळातली माणसं भित्री, त्यांनी ठरवलं की बोलायचंच नाही. डिलिस समोरून आली की टॉम अँफ्लेट मेंढ्यांच्या फाटकातून सरळ शेतात घुसतो. मिसेस बेडोज तिला तिकिटं देते ती तोंड मिटून, सुट्टे मोजतानाही आकडा बोलत नाही. रविवारी प्रार्थना संपल्यावर ती चहाच्या टेबलाशी आली, तर तिच्याभोवती रान मोकळं! काल तिने मला विचारलं की गावात कुणी वारलंय का. मी म्हटलं, नाही, हवाच जरा कुंद आहे. एवढंच बोलले आणि सटकले. फार वाईट वाटलं गं. पण अध्यक्षच चुकली तर इतरांना काय सांगणार?

दोनच उमेदवार आहेत. दुसरा गृहस्थ बर्मिंगहॅमचा, त्याच्या अर्जात 'ध्येय' हा शब्द एकोणीस वेळा आलाय. मी मोजला.

आठवण ठेव, आणि मफलर विसरलीस तो मी धुऊन ठेवलाय.
तुझी,
हेस्टर आत्या

---

स्टोक अँक्रेट,
१७ मे २०१८

चि. फिलिपा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

कालचा सगळा प्रकार सांगते, आधी खाली बस.

दुपारी दोनला मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही नऊ जण, टिपणं घ्यायला मिस पाइन आणि तुमच्या मिसेस थ्रॅप. बर्मिंगहॅमच्या गृहस्थाने सकाळीच अर्ज मागे घेतला होता, गळकं छप्पर पाहिलं असावं. तेव्हा डिलिस एकटीच, बाहेर ओळीने कोट टांगतात तिथे पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसलेली. मी पहिला विषय पुकारला. हितसंबंध.

टॉम अँफ्लेट उठला. म्हणाला की माझी ब्रायनी दहा वर्षांची झाली तरी तिला वाचता येत नव्हतं. मिस प्रोबर्टनी वर्षभर स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत तिला शिकवलं, तेही माझ्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकावर, कारण पोरीला दुसरं काही नको होतं. तेव्हा माझ्यावर उपकार आहेत, मी निःपक्षपाती नाही. आणि गेला बाहेर. मग मिसेस बेडोज. नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा डिलिस दर गुरुवारी शाळा सुटल्यावर त्याच्यापाशी बसायची, म्हणजे हिला तासभर बाहेर पडता यावं. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. तीही डोळे पुसत बाहेर. मेजर म्हणाले की फाटकात गाडी लावली म्हणून या बाईने मला साऱ्या पोरांदेखत झापलं, ती मला मुळीच आवडत नाही, आणि तिचंच बरोबर होतं. ताडताड निघून गेले. असे एकामागून एक सात. उरलो व्हिकर, म्हणजे आमचे नवे पाद्री, आणि मी. व्हिकर येऊन तीनच महिने झालेत, मला वाटलं हे तरी टिकतील. तर त्यांनी कबूल केलं की माझं प्रवचन लांबलं की मागून हळूच खूण करून थांबवणारी एवढी एकच व्यक्ती या गावात आहे, आणि मी तिचा फार ऋणी आहे.

मग मी. काय बोलले ते तू जोडलेल्या कागदात वाच, इथे पुन्हा लिहवत नाही. आमच्या चिटणीस मिस पाइन शब्द न् शब्द टिपतात.

थोडक्यात काय, खोलीत मिसेस थ्रॅप उरल्या, मिस पाइन आणि बिस्किटांची बशी. मंडळच नाही तर नेमणूक कोण करणार? त्या म्हणाल्या की उद्यापर्यंत कचेरीला विचारते, आणि इतकं प्रामाणिक प्रकटीकरण नोकरीत पाहिलं नाही. आम्ही नऊ जण अंगणात गारठत उभे होतो, सगळ्यांना आपण काहीतरी थोर केलं असं वाटत होतं. डिलिसला मिस पाइननी सांगितलं की आज निर्णय होत नाही. कारण सांगायचं नव्हतं, बैठक गोपनीय ना. काल संध्याकाळपासून ती फोन उचलत नाहीये.

नवी तारीख लगेच दे. इथे सगळे तिचंच नाव घेऊन बसलेत.
तुझी,
हेस्टर आत्या

---

कॅथेड्रल क्लोज,
१९ मे २०१८

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि इतिवृत्त आज सकाळी आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि चहा उतू गेला.

चूक माझी आहे. नियमात फक्त जवळचं नातं आणि पैशाचा व्यवहार येतो. उपकार, आवड, नावड हे मी माझ्या पदरचं घातलं. त्या सुनेच्या प्रकरणाने मी इतकी धास्तावले होते की एकही फट ठेवायची नाही असं ठरवलं. एखादी बाई गावाला आवडते म्हणून गावाने तिला नेमू नये, असा त्याचा अर्थ होतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अकरा वर्षं नेतृत्व शिकवतेय मी! आमचे संचालक मात्र खूश आहेत. मिसेस थ्रॅपचा अहवाल वाचून त्यांनी तुमची शाळा आदर्श ठरवलीय, आणि ती पिवळी पत्रिका आणखी बारा शाळांना वाटायला सांगितलीय. मी नाही म्हटलं. ते म्हणाले विचार करून सांगा.

एक विचारते. ती बसली होती ती जागा खोलीच्या दारासमोर ना? मला ती शाळा आठवते. खोलीला दार एकच आहे. तुम्ही नऊ जण तिच्या पुढ्यातून गेलात, आणि माझ्या शिकवणीप्रमाणे कुणी तिच्याशी बोललं नसणार.

इतिवृत्त गोपनीय असतं, उमेदवाराला दाखवणं हा नियमभंग आहे. मी त्याची प्रत काढून आताच डिलिसच्या पत्त्यावर टपालात टाकली, सोबत माझ्या नावाची चिठ्ठी. नोकरी गेली तर रुबार्बावर जगेन. तू २५ तारखेला पुन्हा बैठक बोलाव, कुणीही बाहेर जायचं नाही. शिक्षकांना नोकरी बदलायची तर ३१ मेपर्यंत ठरवायची मुदत असते, अजून वेळ आहे.

राग मनात धरू नकोस.
तुझी,
फिलिपा

---

स्टोक अँक्रेट,
२६ मे २०१८

चि. फिलिपा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

बुधवारी डिलिस आली. दारात बूट काढले, तू पाठवलेलं पाकीट टेबलावर ठेवलं, आणि आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

तू ओळखलंस तसंच झालं होतं. ती म्हणाली की मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत लडलोला होय की नाही कळवायचं होतं, आणि तिने मनाशी ठरवलं होतं की इथे नुसतं बोलावलं तरी तिकडे नाही म्हणायचं. मग दार उघडलं आणि टॉम बाहेर आला, छताकडे बघत. मग मिसेस बेडोज, रुमालात तोंड लपवून. मग मेजर, लालबुंद. ती एकेक मोजत होती. शेवटी मी. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फिलिपा, नियम पाळत होते ना! तिला वाटलं की सभ्य माणसं नकार असाच देतात. पाचला पाच मिनिटं असताना तिने गाडीतून लडलोला होकार दिला.

मी म्हटलं, मोड तो होकार, एकतीसपर्यंत कुणी विचारत नाही. त्यावर ती म्हणाली की या कागदांत तुम्ही जिच्याबद्दल लिहिलंय ती बाई दिलेला शब्द मोडणारी वाटत नाही. तिचंच बरोबर होतं, आणि मला तिचा असा राग आला की सांगता सोय नाही.

मग तिने शांतपणे विचारलं की हे सगळं तुम्हाला खोलीबाहेर जाण्यासाठीच बोलायचं होतं का. म्हणाली, दोन वर्षांत फाटकाशी उभं राहून कुणी यातलं अर्धं वाक्य बोललं असतं, तरी मी लडलोचा अर्जच केला नसता. मी म्हटलं, आम्हाला सवय नाही गं. ती म्हणाली, हो, ते लक्षात आलं माझ्या. मग मी तिच्या तोंडावर सांगितलं, कागदात जे आहे तेच. मी घसरून पडले त्या हिवाळ्यात ती रोज सकाळी शाळेआधी येऊन माझी चूल पेटवून जायची, आणि मला मुलगी असती तर तिच्यासारखी हवी होती. रडले मी, या वयात. तीही रडली. मग चहा घेऊन गेली. कागद मात्र तिने मागून नेले, मी नाही म्हटलं नाही.

तुझ्या साहेबांना कळलं तर माझं नाव सांग, मीच पाठवायला लावलं म्हणून. माझी काय नोकरी जाणार!

काल बैठक झाली, पण नव्या जाहिरातीची. पहिल्या जाहिरातीला मुदत संपल्यावर आलेले तीन अर्जही पडून होते, एक लेस्टरचा, एक केंटचा, एक कुठला देव जाणे. मी पहिला विषय पुकारला. सगळ्यांनी अर्जांवरची नावं नीट वाचली, पुन्हा वाचली. मग टॉमने मान हलवली, मिसेस बेडोजने हलवली, मेजर म्हणाले काही नाही. नऊच्या नऊ जणांचे हितसंबंध काही नाहीत. अर्ध्या मिनिटात विषय संपला.

ये लवकर. तुझ्यावर माझा फार जीव आहे, हे तुला तोंडाने सांगायचं राहिलंय.
तुझी,
हेस्टर आत्या