आबांची तसबीर आणि राहते घर

मी, तसबिरींना चौकटी करून देणाऱ्या दुकानाची मालकीण, वय एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. दमले आहे, म्हणून थोडक्यात आटोपते.

राहते घर माझ्या कमाईचे व माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात धाकट्या मुलीचे व्हावे. थोरला म्हणतो, "आई, घर मुलाकडेच जाणार, हे आबांसमोर ठरलंय." आबा म्हणजे माझ्या कैलासवासी यजमानांचे पणजोबा. दीडशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली त्यांची तसबीर पुढच्या खोलीत आहे. मागे खांब, मखमली पडदा, हात जाडजूड ग्रंथावर, कमरेला तलवार. या घराण्यात भाजी चिरताना बोट कापले तरी भोवळ येते, तलवार कसली डोंबलाची! पण तसबिरीखालच्या खुर्चीत जो बसेल त्याचा शब्द शेवटचा. धाकटीचे शिक्षण तिथेच थांबले, ठरत आलेले लग्नही तिथेच मोडले.

पुढे एक गिऱ्हाईक काच बदलायला तसाच छाप घेऊन आले. तोच खांब, तोच पडदा, तोच हात, तीच तलवार. मुंडके तेवढे दुसऱ्याचे! कोरणाऱ्याने धड एकदाच कोरून ठेवले होते, येईल त्याचा चेहरा वर बसवायचा. घरी सांगितले तर हे म्हणाले, "बाहेर बोलू नकोस." मी घरातच बोलत राहिले. कोणी ऐकले नाही. असो.

सबब तसबीर थोरल्याने न्यावी. त्याचा तिच्यावर जीव आहे, आणि माझा त्याच्यावर. खुर्चीही न्यावी, भिंतीतला खिळासुद्धा. बँकेतली ठेव दोघांत सारखी वाटावी. करवती आणि काच कापायची हिरकणी दुकानातल्या कारागिराला द्यावी. धाकट्या दिरांना काही नाही, माझी शिडी त्यांच्याकडे आहेच.

हे सगळे धाकटीला वाचून दाखवले. बावन्न वर्षांची बाई, माझी दुखणी काढता काढता केस पिकले तिचे. घराचे कलम ऐकून म्हणाली, "आई, म्हणजे मी इथंच राहू? दादाला विचारायला नको?" मला रडूच आले. अगं, कोणालाही विचारू नकोस. मलासुद्धा नाही.

वरील मजकूर माझाच आहे. सही दोघांदेखत केली.

साक्षीदार: औषधाच्या दुकानाचे मालक (सही)
समोरच्या शिंपीणबाई (सही)
स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल. पुढच्या खोलीत सही करायची नव्हती.
दिनांक: ९ मार्च