बुधवारचा शिळा पाव

ता. ४ मार्च

चि. वाळवीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?

इथे डोक्याला ताप झालाय. प्रार्थनाघराच्या नव्या कमिटीने फर्मान काढलंय, पुढे उभं राहून प्रार्थना सांगायची असेल तर आधी धर्माची तोंडी परीक्षा द्या. अध्यक्ष कोण, तर कोपऱ्यावरचा औषधवाला! मी पुढे प्रार्थना सांगत असायचे तेव्हा हा लेकाचा चड्डीत बसून जांभया द्यायचा. ती जागा गेली तर मला काय उरलं रे? दिवसभर शिलाई मशीन आणि चार भिंती.

ग्रंथ मी कधी उघडलेला नाही, तुझ्यापासून काय लपवायचं! तू देव मानत नाहीस, पण पुस्तकं खाताना हा ग्रंथही खाल्लायस. बुधवारी ताजा पाव खाऊ नये, शिळाच खावा, ही आज्ञा कितव्या अध्यायात आहे तेवढं कळव. सगळी गल्ली पाळते, तेच विचारणार मेले.

तुझी माया आहेच, उत्तरही असू दे.

तुझी,
मावशी

ता. ९ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. आईचा गुडघा बरा आहे, तोंड त्याहून बरं.

ग्रंथ पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बुधवार नाही, पाव नाही. आईला विचारलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, आजोबांच्या बेकरीत बुधवारी भट्टी बंद ठेवून साफ करायचे. त्या दिवशी गिऱ्हाइकं पलीकडच्या बेकरीत जाऊ नयेत म्हणून शिळाच पाव खावा असं ग्रंथात लिहिलंय, अशी आवई आजोबांनीच उठवली. तू तेव्हा पाळण्यात होतीस. धन्य तो म्हातारा!

पण हे तिथे बोलू नकोस, हात जोडतो. देवाची आज्ञा आहे म्हण, पास हो आणि जागा राख. तुला खोटं बोलायला मी नास्तिकाने शिकवावं, काय दिवस आले!

रागावलीस तरी लोभ कमी करू नये.

तुझा,
वाळवी

ता. १७ मार्च

चि. वाळवीस,

अनेक आशीर्वाद. तुझं ऐकलं नाही.

पहिलाच प्रश्न बुधवारचा. औषधवाला हसून मान डोलवत होता, उत्तर आयतं तोंडात घालत होता. पण माझ्या बापाची करामत देवाच्या नावावर मी का खपवू? सांगून टाकलं, ही आज्ञा देवाची नाही, माझ्या बापाची. एकच गिल्ला झाला! म्हटलं, दाखवा ओळ. अख्खी कमिटी ग्रंथावर वाकली. पानं एकमेकांना चिकटलेली, ती सोडवता सोडवता घाम फुटला त्यांना. शेवटी औषधवाल्याने जाहीर केलं की ती ओळ दुसऱ्या आवृत्तीत असेल, आणि मला नापास केलं.

घरी येऊन खूप रडले. मग तोंड धुतलं आणि पुढच्या प्रार्थनेला मुद्दाम गेले. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले.

पुढे औषधवाला उभा राहिला आणि दुसऱ्याच ओळीला अडला. इकडे बघतो, तिकडे बघतो, पण सांगणार कोण? इतकी वर्षं सगळे माझ्यामागून नुसते शेवटचे शब्द ओढत होते. अर्थ मलाही निम्माच ठाऊक, पण शब्द पाठ आहेत. बसल्या जागेवरून सुरू केलं. पुढे या म्हणाले, मी गेले नाही. नापास झालेल्यांनी पुढे यायचं नाही हा तुमचाच नियम, म्हटलं.

मग एकेक जण मागे वळला. शेवटी औषधवाल्यासकट सगळे पुढे ठेवलेल्या ग्रंथाकडे पाठ करून बसले, आणि मी दाराला टेकून त्यांच्याकडून अख्खी प्रार्थना म्हणून घेतली.

आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नापास मावशी