वहिनीच्या तीन नख्या

॥ श्री ॥

हैदराबाद, ता. ९ नोव्हेंबर १९५२

ती. सौ. वहिनीस,
रजनीचा कृ. सा. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ पोहोचला. चकल्यांचा गाडीत पार चुरा झाला होता, पण आम्ही दोघांनी तो चुरासुद्धा वाट्या चाटून संपवला. पोच कळवायला उशीर झाला, त्याला कारण आहे आणि तेच आज सविस्तर लिहिते.

आमच्या शेजारी ताहेरा म्हणून माझ्याच वयाची बाई राहते. ती गिटार वाजवते. आडवी मांडीवर घेऊन. आणि वहिनी, त्यात डाव्या हाताची बोटं तारांवर दाबायचीच नसतात हो! पोलादाची एक कांडी हातात धरायची आणि तारांवरून नुसती सरकवायची. सूर कसा लांबच लांब निघतो, अगदी तुमच्या सतारीच्या मींडेसारखा. मी तिच्या डाव्या हाताकडे इतकी टक लावून बसले की तिला वाटलं, मला तिच्या बांगड्याच आवडल्या.

आता स्पष्टच लिहिते. तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत ती माझ्यामुळे. माझ्या लग्नाचं तिखट कुटताना तुम्ही उखळात मिरच्या सारत होतात आणि माझं मुसळ तुमच्या हातावर पडलं. अडीच वर्षं झाली, तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. सतार खोळीत घालून माळ्यावर टाकलीत आणि माझ्या मांडवात हसत फिरलात. बोलला असतात तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटतं. तुम्ही परत वाजवलं पाहिजे वहिनी. मला दुसरं काही नको.

ताहेरानं नवी गिटार घेतली, जुनी मी ठेवून घेतली. इकडच्यांच्या कचेरीतले बद्रीनाथ शुक्रवारी जालन्याला येतात, त्यांच्यासोबत पाठवते. नाही म्हणू नका, तुमचं नाही इथे पोहोचेपर्यंत गाडी सुटलेली असेल.

एक आहे. तारा छेडायला उजव्या हाताला सतारीसारखी एकच नखी चालत नाही. तीन लागतात. एक अंगठ्याला, कचकड्याची. दोन शेजारच्या दोन बोटांना, त्या धातूच्या. मापाच्या नसल्या तर सगळं वाया, असं ताहेरा म्हणते. तरी दोऱ्यानं मापं घेऊन जल्दी पाठवा.

आईला सा. नमस्कार, दादाला नमस्कार. कळावे. लोभ आहे तो राहू द्यावा, वाढवलात तर मी तक्रार करणार नाही.

आपली,
रजनी

॥ श्री ॥

जालना, ता. २३ नोव्हेंबर १९५२

चि. सौ. रजनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं खोकं आलं. पुंजाराम टांगेवाल्यानं ते ओट्यावर ठेवलं आणि पाळणा आला म्हणून गल्लीभर सांगून टाकलं. आपली गोजरबाई भांडी घासायला आली ती माझ्या पोटाकडे बघून गालातल्या गालात हसत होती. इतके दिवस सांगितलं कसं न्हाई, म्हणून वर रुसली. आता तिला गिटार म्हणजे काय ते समजावता माझी पुरेवाट झाली.

खरं लिहू का? मी दोन दिवस खोकं उघडलं नाही. तुझा राग आला होता. जे गेलं त्याच्यासाठी एकदा रडून झालं होतं, ते पुन्हा कशाला उकरायचं, असं वाटलं. पण रविवारी तुझ्या दादांनी ते उघडलं आणि कांडी घेऊन तारांवर असे काही सुटले की आई देवघरातून ओरडल्या, त्या मांजरीला कुणी तरी बाहेर काढा म्हणून. मला ऐकवेना. नुसतं थांबवायला म्हणून मी ती हातात घेतली.

रजू, कांडी हातात बसली ग. माझी ती दोन ताठ बोटं कांडीवर सरळ पसरून राहिली आणि तिला हलू देईनात. बोटं तिथे सरळच ठेवायची असतात का? ताहेराला विचारून कळव. सतारीची जुनी नखी घालून दोन तारा छेडल्या तर आवाज कर्कश आला, तरी मी अर्धा तास बसले होते.

मापाचे दोरे सोबत आहेत. लाल अंगठ्याचा, पिवळा त्याच्या शेजारच्या बोटाचा, निळा मधल्याचा. आणि मुसळाचं पुन्हा लिहू नकोस. बिलकुल नको.

जावईबापूंना नमस्कार. तब्येतीला जपणे आणि आमच्यावर माया आहे तशी ठेवणे.

तुझी,
उमावहिनी

॥ श्री ॥

हैदराबाद, ता. १० डिसेंबर १९५२

ती. सौ. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

सरळच ठेवायची असतात! ताहेराला नुसता तुमचा प्रश्न सांगितला तर ती उडालीच. म्हणाली, नवीन माणसाची बोटं कांडीवर सरळ राहावीत म्हणून तिच्या उस्तादांनी तिला दोन महिने रागे भरलं होतं, आणि तुमच्या वहिनीला पहिल्याच दिवशी कसं जमलं? मी घरी येऊन रडले, पण आनंदानं.

मंग आम्ही दोघी वाद्यांच्या दुकानात गेलो. वहिनी, इतक्या प्रकारच्या नख्या असतात हे मला स्वप्नातही माहीत नव्हतं. पितळेच्या, पोलादाच्या, जर्मन सिल्व्हरच्या. पातळ, जाड. ताहेरानं एकेक बोटात घालून, दुकानदाराचीच गिटार मांडीवर ओढून वाजवून बघितली. पितळेची तिनं लगेच परत केली, बोट हिरवं होतं म्हणाली. पोलादाची तारेवर खरखरते. जर्मन सिल्व्हरची गोड वाटली आणि ती चिमटीत दाबली की लहानमोठीही होते. जाड की पातळ यावर बराच वेळ गेला. शेवटी नवशिक्यांना पातळ बरी म्हणून तीच घेतली.

तुमचे दोरे पाहून दुकानदारानं विचारलं, कुण्या पैलवानासाठी नेताय का? मला असा राग आला! मी म्हटलं, ही माझ्या वहिनीची बोटं आहेत, त्यांची सतार ऐकायला जालन्यात लोक गल्लीत उभे राहायचे. त्यानं मोठ्या मापाच्या काढून दिल्या. अंगठ्याची कचकड्याची मात्र मधल्या मापाची मिळाली. घट्ट झाली तर गरम करून थोडी फाकवायची.

कधी वाजवाल ते कळवा. माझा जीव त्या पाकिटात अडकला आहे. आशीर्वाद असावा, आणि पत्राला उशीर नसावा.

आपली,
रजनी

॥ श्री ॥

जालना, ता. २८ डिसेंबर १९५२

चि. सौ. रजनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी हसून घे, मग पुढचं वाच. पहिल्याच झटक्याला मधल्या बोटाची नखी उडाली ती थेट आईंच्या ताकाच्या भांड्यात. आईंनी ती रवीनं बाहेर काढली आणि पुसून माझ्यापुढे ठेवली. दुकानदाराचं चुकलं नाही बाई, माझंच चुकलं. सोनाराकडे अंगठीचं माप देतात तसं मी बोटाच्या मुळाशी दोरा गुंडाळला होता. नखी बसते बोटाच्या टोकाला, हे डोक्यातच आलं नाही. पंधरा वर्षं सतारीची नखी घातली आणि ही अक्कल!

अंगठ्याची घट्ट होती. तू गरम करायला लिहिलं होतंस म्हणून तुझ्या दादांनी ती चिमट्यात धरून सरळ दिव्यावर नेली. असा भडका उडाला की बस! भुवया वाचल्या एवढंच समज. आता कचेरीत कपाळावरचा डाग कशाचा म्हणून विचारतात, तर हे काही केल्या सांगत नाहीत.

शेवटी निजामोद्दीन चाचांकडे गेले. सतार सुटल्यापासून मी त्यांच्या घड्याळाच्या दुकानावरून जायचं टाळत होते. ज्यांनी दहा वर्षं सतार शिकवली त्यांना हा हात कसा दाखवायचा? त्यांनी हाताकडे पाहिलंच नाही. घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावलं, नख्या पाहिल्या, आणि म्हणाले की तू या उलट्या घातल्यास, बेटी. पातं नखावर नाही, बोटाच्या पोटाकडे यायला पाहिजे. मग बारीक पकडीनं दोन्ही आवळून दिल्या, पाती बोटाच्या गोलाईला वळवून कानशीनं कडा मऊ केल्या. बराबर बसल्या. पण सतारीनं माझा हात जड झालेला, पातळ पातं माझ्या ठोक्याला वाकतं आणि सूर फाटतो. तेव्हा जाड पाठव. आणि अंगठ्याची एक.

तुला फार खर्चात पाडते, पण आता थांबवत नाही, थांबवता येत नाही. काळजी नसावी, माया असावी.

तुझी,
उमावहिनी

॥ श्री ॥

हैदराबाद, ता. ८ जानेवारी १९५३

ती. सौ. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

जाड नख्या दोन आणि अंगठ्याच्या दोन पाठवल्या आहेत. एक दादाच्या प्रयोगाला. कचकड्याला विस्तव दाखवायचा नसतो, गरम पाण्यात बुडवून अंगठ्यावर बसवायची, असं ताहेरानं हसून हसून सांगितलं. हे मी आधी लिहायला हवं होतं. तुमच्या बाबतीत माझ्या हातून नेहमी काही ना काही राहतंच.

तिच्या वाजवण्याला दोन वर्षं झाली, तरी तीन नख्या घातल्या की आपला हात आपला वाटत नाही म्हणते. आणि तुम्ही महिन्याभरात जाड पातं मागता! मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. इकडून म्हणणं पडलं की तुझी वहिनी आहे की कोणी संस्थानची वादक? मी म्हटलं, येऊन बघा.

यंदा तिळगुळाच्या हळदीकुंकवाला बायकांपुढे वाजवा. डावा हात पदराखाली घेऊन बसता ना, तो बाहेर काढा. एवढं माझ्यासाठी करा. तिळगुळ याच पाकिटात आहे, तो घ्या आणि गोड उत्तर लिहा.

आपली,
रजनी

॥ श्री ॥

जालना, ता. २ फेब्रुवारी १९५३

चि. सौ. रजनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वाजवलं. हळदीकुंकवाला पंधरा-वीस बायका होत्या. पदर खोचला, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे पुढे घेतले. अंगठ्याच्या नखीनं खालचे सूर, दोन बोटांनी वरची गत. जाड पातं तारेला लागलं की काय भरदार बोलतं ग! अर्धा तास वाजवलं. कुणी हाताचं विचारलं नाही. आई शेवटी उठल्या आणि सगळ्यांच्या आधी मलाच कुंकू लावलं. गोजरबाई दारात वाणाचं ताट धरून उभी होती ती तशीच उभी राहिली.

हे सगळं तुझ्यामुळे. लग्न होऊन नव्या घरी गेलेली पोर, तिथल्या रगाड्यात तू माझ्यासाठी दुकानं पालथी घातलीस. माझी सख्खी बहीण असती तरी तिनं केलं नसतं. म्हणूनच आता पुढचं लिहिणं भाग आहे. चार दिवस लिहिते आणि फाडते आहे.

चाचा आता मला पुन्हा शिकवतात. मागच्या आठवड्यात शिकवताना म्हणाले की तुझा हात तारेवरून उठायला उशीर होतो, सुरात रमतेस आणि हात तिथेच विसरतेस. मी गिटार खाली ठेवली आणि घरी आले.

रजू, त्या दिवशी तुझं मुसळ चुकलं नव्हतं. तू आणि गोजरबाई आळीपाळीनं घाव घालत होतात, दोघींचा ताल घड्याळासारखा होता. मी दोन घावांच्या मध्ये मिरच्या सारत होते. आदल्या दिवशी चाचांनी नवी गत दिली होती, ती त्या ठोक्यावर आपोआप डोक्यात चालू झाली. मी समेची वाट बघत राहिले आणि हात काढायचा विसरले. घाव वेळेवर आला. माझाच हात उखळात राहिला.

सगळे तुला बोलले. लग्न ठरलं म्हणून पोरीचं कशात लक्ष नाही म्हणाले. तू माझे पाय धरून रडलीस. आणि मी, जिच्या लयीचं सगळे कौतुक करायचे ती, लय चुकली म्हणून बोटं गेली असं सांगायला लाजले. पुढे सांगेन म्हटलं, आणि तू सासरी गेलीस. तू मला न बोलणारी देवमाणूस समजत होतीस. मी न बोलणारी होते, एवढंच खरं.

वाजवता येत नव्हतं तोवर माझ्यात हे कबूल करायची ताकद नव्हती. आज आहे. मला माफ कर म्हणायला मी वयानं मोठी आहे, तरी म्हणते.

कळावे. लोभ उरला असेल तर कळवणे.

तुझी,
उमा

॥ श्री ॥

हैदराबाद, ता. ६ फेब्रुवारी १९५३

ती. सौ. वहिनीस,
न. वि. वि.

पत्र मिळालं. मी रागावले आहे. असा राग मला जन्मात आला नव्हता.

लग्न झाल्यापासून मी मुसळ हातात धरलेलं नाही. इथे तिखट कुटायचं निघालं की मी डोकं दुखतं म्हणून पडून राहते. सासूबाई मला आळशी म्हणतात आणि मी ऐकून घेते. आरशात केस विंचरताना रोज उजव्या हाताकडे बघते आणि मला तो नकोसा होतो. आणि तुम्ही तिकडे समेची वाट बघत होतात!

सकाळपासून दोनदा रडले, एकदा हसले, भात करपवला. ताहेराला सांगितलं, तर ती म्हणाली की जी बाई गतीच्या नादात हात विसरते तिला गिटार देऊन तुम्ही बराबरच केलंत. मला तिचाही राग आला.

मी गुरुवारच्या गाडीनं येते आहे, दादाला स्टेशनावर पाठवा. आल्या आल्या नख्या घालून बसायचं. आधी पुरं ऐकीन. तुमच्याशी बोलायचं की नाही ते मग ठरवीन.

तुमची,
रजू