संहितेत नसलेलं वाक्य

हॅरो, शनिवार, १४ ऑक्टोबर २००६

मुंबईत टीव्ही नवा असताना सासूबाईंनी लाइव्ह केलेला एकपात्री प्रयोग त्यांनी आज इथल्या मराठी मंडळात पुन्हा केला. फोनवर भावाशी बोलणारी एक बाई, बस्स. विंगेत संहिता घेऊन मी प्रॉम्प्टिंगला. मध्येच त्या अडल्या. मी वाक्य दिलं, त्यांनी ऐकलंच नाही. रिसिव्हर घट्ट धरून म्हणाल्या, "दादा, घरात सगळं आहे रे, पण दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही."

हॉलभर टाळ्या. मीही वाजवल्या! मग पानं चाळली, दोनदा. ते वाक्य कुठेच नव्हतं.

कारमध्ये विचारलं, "आई, ते वाक्य कुठलं?"

"अगं, लाइव्हमध्ये विसरलं तर थांबायचं नसतं. मनात असेल ते बोलून टाकायचं."