घरातलं वावर

२९ एप्रिल १९५९
शाळा काल सुटली. मराठीचे नवे सर (पुण्याकडून बदलून आलेत) म्हणाले, अकरावीत जाणाऱ्या प्रत्येकाने सुट्टीत एक पुस्तक वाचायचं. पेन्सिल हातात घेऊन. कळलं ते, खटकलं ते, समासात लिहायचं. "तुमच्या शब्दांत. माझे शब्द मला परत नकोत." मुलांनी आधी हात मारला. शिकारीचं, प्रवासाचं, सगळं गेलं. आम्हा दोघी मुलींना उरलंसुरलं. मला सासुरवाशिणींच्या गोष्टी, पुठ्ठा निघालेल्या. कमलला थोरांची चरित्रं. ती खूश. मी नाही.

२ मे
अब्बांनी आज सांगून टाकलं. कापसाच्या जिनिंगमधून आले, हाताला मशीनचं ग्रीस, तसेच उभ्याउभ्या. "मास्टर साब बोले के लडकी में दम है, तो मैट्रिक. नहीं तो बस हुआ, घर का काम सीखो." सरांना शाळा उघडल्यावर स्वतः भेटून विचारणार आहेत. भाऊ दोनदा नापास झाला, तेव्हा त्याच्यात दम आहे का, हे कोणाला विचारायला नाही गेले.

११ मे
अंगणात शेवया वाळत घातल्यात. चिमण्या हाकलायला मी. एका हातात काठी, एका हातात पुस्तक. गोष्टी रडक्या. सून रडते, सासू ओरडते, सून विहिरीकडे बघते. समासात लिहिलं, "हिने एकदा तरी उलटून बोलावं." पुढच्या पानावर, "अजून बोलली नाही." त्याच्या पुढच्या पानावर पेन्सिलचं टोक मोडलं. अम्मी म्हणते, "किताब पे काहे को गुस्सा करती?" मग कोणावर करू?

१९ मे
शेवटून दुसरी गोष्ट बरी निघाली. त्यात एक विधवा आत्याबाई आहे. तिच्यापुढे कोणी ब्र काढत नाही. का, तेही दिलंय. "त्या घरात आत्याबाईंचा मुक्त वावर होता." दोनदा वाचलं. बाईच्या नावावर वावर! छापखान्याने 'आत्याबाईंचा' केलंय, ते 'आत्याबाईंचं' केलं. समासात लिहिलं, "घराला लागूनच वावर आहे आणि तिचं स्वतःचं आहे. मुक्त म्हणजे कुंपण नसेल, ढोरं शिरतील. पण वावर आहे म्हणूनच तिला सगळे वचकून आहेत." आर्णीकडच्या मामूंनी अम्मीला बापाच्या वावरातलं ढेकूळही दिलं नाही. म्हणून मला ही गोष्ट खरी वाटली. अख्ख्या पुस्तकात ही एकच.

३ जुलै
लिहू की नको. सरांनी आज पुस्तकं तपासून आणली. माझं उघडलं आणि ते समासातलं सगळं मोठ्याने वाचलं. ढोरांपर्यंत आले आणि स्वतःच हसू लागले. मग वर्ग हसला. खरं तर निम्म्यांना कशाला हसायचं ते कळलंही नव्हतं, त्यांच्या घरीही वावरच आहे. सर म्हणाले, "वावर म्हणजे येणं-जाणं, शेखबाई. शेत नव्हे. लेखकाचं व्याकरणही सुधारलंत, आभारी आहोत." बाकीच्या टिपांबद्दल एक शब्द नाही. पुस्तकभर लिहिलंय मी.

हुकूम असा: सगळं खोडरबरने पुसायचं, खाली शुद्ध अर्थ लिहायचा, मग ते अब्बांशी बोलतील. माझे शब्द मागितले होते ना? दिले तर हसले.

४ जुलै
चौकात पोरं उभी होती. "औंदा वावरात काय पेरलं वं? कपाशी का तूर?" मी म्हटलं, तुझं थोबाड. कमलने ओढत नेलं.

६ जुलै
मधल्या सुट्टीत शाळेच्या कपाटातला शब्दकोश काढला. वावर, पुल्लिंगी: राबता, येणं-जाणं. बरोबर आहे सरांचं, मान्य. पण खालीच, वावर, नपुंसकलिंगी: शेत. पुढे कंसात 'प्रां.' लिहिलंय. प्रां. म्हणजे प्रांतिक. म्हणजे आमचं. पुण्याला प्रांत नाही का? तिकडचं ते मराठी आणि इकडचं ते कंसात?

कमलला दाखवलं. तिने पटकन कोश मिटला. "कायले भांडतं वं? चूप राय. पुसून टाक नं तेवढं. मॅट्रिक होऊ दे, मंग भांडजो." तिचं खरं आहे. खरं आहे म्हणूनच जास्त राग आला.

८ जुलै
पुसायला बसले. सुनेचं पुसलं, सासूचं पुसलं, "अजून बोलली नाही" पुसलं. कागद खरबरीत झाला. आत्याबाईंच्या पानावर आले आणि हात चालेना. तिथे पेन्सिलवरून शाई फिरवली. खाली येणं-जाणंही लिहिलं, मी काही हट्टी नाही. त्याच्याखाली लिहिलं, "वावर म्हणजे शेतही. कोश पाहावा." शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसले. आता खोडरबरचा उपयोग नाही.

मग पुस्तक दप्तराच्या तळाशी सारलं.

१० जुलै, शुक्रवार
अब्बा नमाज आटोपून टोपीसकट शाळेत आले. सरांनी पुस्तक घेतलं, ते पान काढलं. अब्बांना म्हणाले, "ही शाई बघा. शाळेच्या पुस्तकात." अब्बांना मराठी वाचता येत नाही. म्हणाले, "क्या लिखा है साब?" सरांना वाचून दाखवावं लागलं. सगळं. ढोरांसकट. या वेळी ते हसले नाहीत, कारण अब्बा हसत नव्हते. नीट ऐकत होते, मशीनचा आवाज ऐकतात तसे.

"तो गलत क्या है? वावर याने खेत. ये तो हमारे यहाँ बच्चा भी बता देगा."

सर म्हणाले, प्रश्न तो नाही. प्रश्न शिस्तीचा आहे. अब्बा म्हणाले, वो ठीक, शिस्त के लिए डांटो. पर लडकी में दम है के नहीं, वो बताओ. सरांनी पुस्तक मिटलं. माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, खाली नाही. अब्बांना म्हणाले, "सोमवारी कळवतो."

घरी अम्मीने विचारलं, क्या बोले? चपला काढता काढता म्हणाले, "सोचके बताएंगे."

अख्खा उन्हाळा वाचलं मी. आणि विचार करणार सर.