पूर्वेची खिडकी

येलहंका,
१४ जून

चंदनाक्का,

नमस्कार. अम्मा बरी आहे. अजून तुझ्या वाटणीचं ताक बाजूला काढते, मग स्वतःच पिते.

तुला नोकरी लागल्याचं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी चिकपेटेत होतो. एका दुकानात एक माणूस डोळे मिटून साड्यांच्या घड्या घालत होता, बघत राहिलो. ते जाऊ दे. अम्मा म्हणाली, "पूर्वेची खिडकी, शेजारी तळं, लग्नाचं कुणी विचारणार नाही. हिच्या मनात शिरून लिहिलंय की काय पत्र!"

ते शब्द मी ओळखले, अक्का.

मार्चमध्ये मी शाल्मली मॅडमच्या अभ्यासासाठी घरोघर फिरत होतो ना? माणसाला जागा, नोकरी कशामुळे आवडते, याचा अभ्यास. कार्डावर दोन नोकऱ्या, एकीवर टिक. मॅडम म्हणायच्या, "आवड सगळेच सांगतात, यशोवर्धन. तिच्यासाठी काय सोडतील, ते हवंय."

आपल्या राजाजीनगरचे फॉर्म राहिले होते. ऊन मी म्हणत होतं. घरी आलोच नाही. हॉटेलात कॉफी पीत तुझा फॉर्म मीच भरला. खिडकी दिसली की टिक, तळं दिसलं की टिक. खाली बारीक अक्षरात होतं: फोन दाराशी जमा. दोन वर्षं बाहेर जाणं नाही. भेट नाही. ते मी वाचलंच नाही.

खोटं. वाचलं. म्हटलं, अभ्यासच तर आहे.

तुला आलेल्या पत्रात फक्त वरचं होतं. शेवटी एक ओळ: 'इतर अटी आपण आधीच मान्य केल्याप्रमाणे.'

मॅडमना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ती आली ना? म्हणजे तू बरोबरच भरलास."

आज चौथा दिवस, मी तुझ्या नोकरीच्या जागेच्या फाटकासमोर बसून आहे. पहारेकरी नरसिंहअण्णा म्हणतात, "भेट इल्ला, तम्मा. नाही म्हणजे नाही. पत्र दे, पोचवतो." त्यांच्या खोलीत लाकडी खण आहेत, खणाखणात फोन. काल तुझा नंबर लावला. पिवळ्या कव्हरचा फोन थरथरला. अण्णांनी तो नुसता पालथा केला.

खिडक्या खरंच पूर्वेला आहेत. चार दिवसांत एकही उघडलेली बघितली नाही.

आत सांग, ती उत्तरं तुझी नव्हेत, अक्षर भावाचं आहे. आणि पत्र पोचलं की काचेला ओढणी लाव. मला एका जागी बसवत नाही हे तुला ठाऊक. तरी बसलोय.

पत्राची घडी घालत होतो, तेवढ्यात अण्णांनी एक पाकीट आणून दिलं. वर माझं नाव, अक्षर तुझं. केवढा आनंद झाला! आत तुझी एक ओळसुद्धा नाही. दोन नोकऱ्यांचं कार्ड आहे. एकीवर टिक केलेली: रोज नवं गाव, वर साहेब नाही.

टिकसुद्धा तुझीच, शेपूट लांब ओढलेली.

अण्णा फाटक उघडून उभे आहेत. खालचं बारीक अक्षर मी अजून वाचलेलं नाही.

तुझ्या नावानं उत्तरं देणारा,
यशू