कपाटातल्या गोष्टीचा शेवट

ती. ताईस,

चार अंगांचा नमस्कार. (उरलेली चार शिडीवरून पडल्यापासून वाकत नाहीत.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला? आणि आठ दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे आलेली, एकविसावा दिवस उजाडला तरी न हललेली तुझी भावजय? मी काही तिची चौकशी करत नाही. आपलं सहज विचारलं.

मी एकही काम तडीस नेत नाही, हे तिने तुला सांगितलंच असेल. हॉलची भिंत गेल्या वर्षी निम्मी रंगवून सोडली, हे खरं. पण ‘ती पुरी झाल्याशिवाय येणार नाही’ म्हणून कोणी नणंदेकडे जाऊन बसतं का? आणि नणंदेने तरी ठेवून घ्यावं का? (पाठची बहीण असती तर एक वेळ समजलो असतो. तू तर थोरली!)

असो. परवा आमच्या साहेबांचा निरोप समारंभ होता. मला बोलायला उभं केलं. मी आपली हुकमी गोष्ट काढली, नव्या संसारात मी स्वतः जोडलेल्या कपाटात आतून कसा अडकलो ती. लोक हसून बेजार. साहेबांनी तोंडाशी नेलेला केक तसाच धरून विचारलं, "मग बाहेर कसे आलात?" ताई, मला माहीतच नाही गं! मी आत, अंधारात. बाहेर काय झालं ते तिलाच ठाऊक. सव्वीस वर्षं अर्धी गोष्ट मी सांगतो आणि इथून पुढे ती. तेवढ्यात मी गार होत आलेला चहा उरकून घेतो, त्यामुळे शेवट कधी धड ऐकलेलाच नाही. शेवटी म्हणालो, "अजून आतच आहे." कोणी हसलं नाही. टपाल बघणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "वहिनींना आणायला हवं होतं." घरी आलो तर घर खायला उठलं. खरं सांगतो, मला करमत नाही.

भिंत मात्र पुरी केली आहे. तेवढं तिच्या कानावर घाल.

तुझा धाकटा

ता. क. पुरी म्हणजे, हात पोचतो तिथपर्यंत. त्यावर जायला शिडी धरणारं माणूस लागतं, हे माझ्या चार अंगांना आता पटलं आहे.

आणखी एक. गोष्टीचा शेवट तिला विचारून मला कळवू नकोस. तिनेच येऊन सांगावा. चहा बाजूला ठेवून ऐकेन. तोवर तिला एवढंच सांग, मी अजून आतच आहे.